‘रिकॉइल’चा फलक : एका शब्दावरच्या कामाच्या नोंदी

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मुलांसाठी इंग्रजी शब्दांचे फलक करायचे ठरले. एका फलकावर एकच शब्द. तो कुठून आला, वाटेत काय काय झाले आणि आज त्याचा अर्थ काय, एवढेच त्यावर लिहायचे. पहिला फलक मी घेतला. दुसऱ्या कुणाला असे काम करायचे असेल तर माझे जे दिवस वाया गेले ते त्यांचे जाऊ नयेत, म्हणून ही वही.

रविवार, १६ जून २०२४

शब्द मुलांनीच दिला. नववीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, विज्ञानाच्या पुस्तकात बंदूक ‘रिकॉइल’ होते आणि गोष्टीच्या पुस्तकात साप बघून बाई ‘रिकॉइल’ होते. मग बंदूकपण घाबरते का?” उत्तर मला लगेच देता आले नाही. त्याच क्षणी शब्द ठरला.

वाचनालयाने २,५०० रुपये मंजूर केले. तीन आठवड्यांत संपवायचे असे मीच सांगितले. चार फूट बाय तीन फूट फलक. आशय माझ्या डोक्यात तयारच होता. ‘रि’ म्हणजे पुन्हा, ‘कॉइल’ म्हणजे वेटोळे. दाबलेली स्प्रिंग सुटली की उसळून परत येते, तसे मागे येणे. मधोमध मोठी स्प्रिंग, तिच्याभोवती बाण. संध्याकाळीच डिचोलीला जाऊन फ्लेक्स छापायला दिला. २४० रुपये.

गुरुवार, २० जून

पणजीत काम होते म्हणून पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. शब्द इंग्रजीत कुठल्या शतकात आला तेवढे साल हवे होते. कोश उघडला आणि बसूनच राहिले. स्प्रिंगचा या शब्दाशी काडीचा संबंध नाही.

‘कॉइल’ हा वेगळाच शब्द. तो फ्रेंचमधून येतो, मुळात लॅटिन ‘कोल्लिगेरे’, म्हणजे गोळा करणे. ‘कलेक्ट’ त्याच घरचा. दोर गोळा करून गुंडाळून ठेवायचा, त्यावरून वेटोळे. ‘रिकॉइल’ मात्र जुन्या फ्रेंच ‘रेक्युले’वरून आला. मागे जाणे, हटणे असा त्याचा अर्थ. त्याच्या पोटात ‘रे’ म्हणजे मागे, आणि ‘कुलुस’. ‘कुलुस’ म्हणजे माणूस ज्यावर बसतो तो शरीराचा भाग. म्हणजे शब्दाने सांगितलेले एवढेच: बूड मागे नेणे.

दोन शब्द ऐकायला सारखे, पण एक दोर गुंडाळणाऱ्या हातांतून आलेला, दुसरा मागे सरणाऱ्या शरीरातून. स्पेलिंग बघून अर्थ जुळवला आणि तो इतका चपखल वाटला की तपासावेसे वाटले नाही. असे काम करणाऱ्यांनी आधी कोश उघडावा आणि मग छापखान्यात जावे.

फ्लेक्स तोवर छापून झाला होता. पैसे गेले. त्याची मागची पांढरी बाजू कच्च्या आराखड्यांसाठी ठेवली.

रविवार, ३० जून

फ्लेक्सचा नाद सोडला. एक शब्द चुकला तर सगळे नव्याने छापावे लागते. प्लायवूडवर रंगवायचे ठरले, चूक झाली तर तेवढाच भाग पुसून रंगवता येतो. सहा मिलिमीटरचे प्लाय कापून आणले, ५२० रुपये. प्रायमर, एनॅमल आणि दोन ब्रश, ४१० रुपये.

आर्द्राचा पाऊस. प्रायमर लावून फलक वाचनालयाच्या बाल्कावावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, भिंतीला टेकवून ठेवला. दोन दिवसांनी बोट लावले तर चिकट, आणि खालची कड फुगून पापुद्रे सुटलेले. कडा उघड्याच राहिल्या होत्या, तिथून ओल आत शिरली. साधे प्लाय गोव्यातल्या पावसाळ्यात असे ठेवायचे नसते हे मला माहीत होते, पण घाई नडली.

दुरुस्ती अशी केली: फुगलेली कड एक इंच कापून टाकली. चारही कडा पॉलिश पेपरने घासून त्यांना प्रायमरचे दोन हात दिले. मग फलक आमच्या घरी न्हाणीत, भाणाच्या, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याच्या, चुलीपासून तीन हात लांब, दोन विटांवर आडवा ठेवला. त्या उबेत तिसऱ्या दिवशी तो खडखडीत वाळला. उभा ठेवू नका, वाकतो.

बुधवार, ३ जुलै

शेजारच्या नानांकडे गेले. ते १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकलेले. लॅटिनची लेक म्हणजे पोर्तुगीज, तेव्हा तिच्यातही हा शब्द असणार असे वाटत होते. नानांना विचारले, मागे हटणे याला पोर्तुगीजमध्ये काय म्हणायचे? ते लगेच म्हणाले, “रेकुआर.”

मी वहीत लॅटिन रूप लिहिले, ‘रेकुलारे’, आणि त्याखाली ‘रेकुआर’. मधला ‘ल’ कुठे गेला? नानांना व्याकरण विचारले नाही, शब्द विचारले. उडणे? “वुआर.” लॅटिनमध्ये ‘वोलारे’. रंग? “कोर.” लॅटिनमध्ये ‘कोलोरेम’. दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘ल’ पोर्तुगीज गिळते. फ्रेंचने तो ठेवला, म्हणून तिच्याकडून घेतलेल्या इंग्रजी शब्दातही तो आहे. स्पॅनिशमध्ये ‘रेकुलार’, इटालियनमध्ये ‘रिंकुलारे’. सगळी भावंडे.

मग मी शब्दाचा उरलेला भाग सांगितला, ‘कुलुस’. नानांनी दाराकडे पाहिले, आत काकू होत्या. आवाज खाली आणून म्हणाले, “बाय, तो शब्द मोठ्यान म्हणू नये गो. शाळेत त्यासाठी आम्ही छड्या खाल्ल्यात.” पोर्तुगीजमध्ये तो आजही शिवीच्या पंगतीतला. ‘रेकुआर’ मात्र कुणीही कुठेही बोलावा असा सभ्य शब्द. सत्तर वर्षे तो शब्द तोंडात आणि आत काय दडले आहे ते त्यांना आज कळले. नाना बराच वेळ बोटाने टेबलावर ‘रेकुआर’ गिरवत राहिले.

रविवार, ७ जुलै

समितीची बैठक. फलकावर ‘ढुंगण’ लिहायचे की नाही, यावर पाऊण तास गेला. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे की सरस्वतीच्या जागेत तो शब्द नको, ‘पार्श्वभाग’ लिहा. माझे म्हणणे, ‘पार्श्वभाग’ लिहिला की मुलाला आणखी एक कोश उघडावा लागतो आणि हसू येण्याआधीच शब्द मरतो. मराठीने तरी या अवयवाची कधी लाज धरली? आपण ‘ढुंगणाला पाय लावून पळाला’ म्हणतोच.

शेवटी ‘बूड’वर एकमत झाले. ही तडजोड म्हणून मान्य केली, पण घरी येऊन विचार केल्यावर तोच शब्द जास्त योग्य वाटला. लॅटिन ‘कुलुस’चा फ्रेंचमध्ये ‘क्यु’ झाला, लिहिताना मात्र त्यात ‘ल’ अजून आहे, आणि तो माणसाच्या बसण्याच्या भागाला जसा लागतो तसाच वस्तूच्या तळालाही. पुढे रस्ता नसलेल्या गल्लीला इंग्रजीत ‘कल-डी-सॅक’ म्हणतात, तेही फ्रेंचच, म्हणजे पिशवीचे बूड. मराठीत बूड भांड्यालाही असते आणि माणसालाही. ‘ढुंगण’ लिहिले असते तर पिशवी सुटली असती.

शुक्रवार, १२ जुलै

चित्र सापडले. शोधत नव्हते तेव्हा.

नानांच्या गोठ्यात दीड महिन्याचे वासरू आहे. पावसातून आत शिरताना मी दारातच छत्री झटकली. वासरू दाराकडे तोंड करून उभे होते. त्याचे पुढचे पाय जागचे हलले नाहीत. मान ताठ, कान मागे, आणि मागचे पाय गुडघ्यात दुमडून सगळा मागचा भाग आधी खाली आणि मागे गेला, जणू त्याला कुणी शेपटीला धरून खेचले. पुढचे खूर शेणात दोन बोटे घसरत मागे आले. हे सगळे त्याला छत्री म्हणजे काय ते कळायच्या आत.

एवढे दिवस मी शब्दाचा अर्थ पाठ केला होता, आज तो पाहिला. ‘माघार घेणे’ वेगळे. माघार विचार करून घेतात, सैन्य घेते, उमेदवार घेतो. ‘दचकणे’ जागच्या जागी होते. वासराने केले ते ‘बुजणे’. मराठी रकान्यात मी ‘माघार’ सगळ्यात वर लिहिले होते, ते खाली नेले आणि ‘बुजणे, अंग आखडून मागे सरणे’ वर आणले. फलकावर मधोमध वासरू.

रविवार, २१ जुलै

रंगवणाऱ्याकडून अक्षरे करून घेतली, ७०० रुपये. आणि दुसरी मोठी चूक उघडी पडली.

आराखड्यात मी अर्थांचा क्रम असा लावला होता: आधी तोफेचे मागे सरणे, मग त्यावरून माणसाचे. बंदुकीची गोष्ट मुलीच्या प्रश्नात पहिली होती म्हणून माझ्याही डोक्यात पहिलीच बसली. अक्षरे वाळल्यावर वाचताना सालांकडे लक्ष गेले. शब्द इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला. युरोपातले तोफेचे सर्वांत जुने चित्र १३२६ सालच्या एका इंग्लिश हस्तलिखितात आहे. तोफच नव्हती तेव्हा शब्द होता! १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली आणि तिच्यातून असे शेकडो शब्द आले. हा त्यांतलाच. तेव्हा त्याचा अर्थ शत्रूला मागे रेटणे, मग स्वतः मागे हटणे. तोफ-बंदुकीला तो सोळाव्या शतकात लागला.

म्हणजे आधी शरीर, मग तोफ. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. बंदूक घाबरत नाही. घाबरलेल्या शरीराचा शब्द माणसांनी बंदुकीला दिला, कारण तीही तशीच, बुडाच्या बाजूने, झटक्यात मागे येते.

वरच्या दोन ओळी पुसून खाली न्याव्या लागल्या. एनॅमल पुन्हा आणले, १३० रुपये. अक्षरे या वेळी मीच काढली, ती रंगवणाऱ्याइतकी सुबक नाहीत.

शुक्रवार, २६ जुलै

तोफेचे लहान मॉडेल फलकाखाली ठेवायचे ठरले. लिहिलेले वाचून मुले पुढे जातात, हलणाऱ्या वस्तूपाशी थांबतात.

मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, फणसाच्या लाकडाचा गाडा आणि नळी करून दिली. मजुरी घेतली नाही, लाकूड आणि इतर सामानाचे ४०० रुपये. नळीत स्प्रिंग, पुढे काचेची गोटी. स्प्रिंग सोडली, गोटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तोफ जेमतेम हलली. चार वेळा केले, चारही वेळा तेच.

घरी वजन केले. गाडा ६०० ग्रॅम, गोटी पाच ग्रॅम. गोटी जेवढ्या जोराने पुढे जाते तेवढाच जोर गाड्याला मागे मिळतो, पण गाडा गोटीपेक्षा १२० पट जड, तेव्हा त्याचा वेग १२० पट कमी. तेवढ्या वेगाला लाकडी चाकांचे घर्षणच खाऊन टाकते.

रविवार, २८ जुलै

मुलांना घेऊन रेइश मागूश किल्ल्यावर गेलो. मांडवीच्या पलीकडे पणजी दिसते आणि तटावर तोफा. मुलांना तोफेच्या तोंडापेक्षा तिच्या मागची मोकळी जागा बघायला लावली. ती तिच्या मागे येण्यासाठी सोडलेली. जहाजावर एवढी जागा नसे, म्हणून तोफ जाड दोराने जहाजाच्या कुशीला बांधत. गोळा सुटला की ती मागे येई आणि दोर तिला अडवी. मागे आलेल्या तोफेचे तोंड आतल्या बाजूला येई, तेव्हा तिथल्या तिथे पुढून दारू-गोळा भरता येई. मागे येणे हा निव्वळ त्रास नव्हता, तो पुढच्या बाराच्या तयारीचा भाग होता.

जमिनीवरच्या तोफांचे दुखणे मोठे होते. प्रत्येक बारानंतर गाडा मागे जाई, तो ढकलून जागेवर आणायचा आणि नेम पुन्हा धरायचा. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेत तेल आणि दाबलेली हवा यांनी नळी गाड्यावरच मागे सरकून आपोआप जागेवर येऊ लागली, गाडा जागचा हलेना. त्याच नळीच्या सरकण्याला फ्रेंच ‘रेक्युल’ म्हणतात. शब्द तोच.

बसभाडे मोठ्या माणसांचे, १५० रुपये.

रविवार, ४ ऑगस्ट

मॉडेल दुसऱ्यांदा. मेस्तांनी गाडा आतून पोखरून १९० ग्रॅमवर आणला. लाकडी चाकांऐवजी चार लहान बेअरिंग, १८० रुपये. गोटीऐवजी दोन सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी छर्रा, ३३ ग्रॅम. तीन घेतले, ६० रुपये. खाली सनमायकाची उरलेली गुळगुळीत पट्टी. आता तोफ १८ सेंटिमीटर मागे आली. मेस्त स्वतः सात-आठ वेळा सोडून बघत होते.

छर्रा जोरात जातो, म्हणून समोर जुनी उशी उभी केली आहे आणि तोफेच्या तोंडासमोर कुणी उभे राहायचे नाही असा नियम. हे विसरू नका.

मंगळवार, ६ ऑगस्ट

चार मुलांना आधीच बोलावून दाखवले, आणि बरे केले. सहावीतल्या मुलाने नळीत डोकावून स्प्रिंग पाहिली आणि म्हणाला, “बाई, कळले! ही कॉइल. म्हणून रि-कॉइल.” बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. कॉइल म्हटले की या मुलांना डासांची कॉइल आणि स्प्रिंग एवढेच आठवते.

ज्या चुकीमुळे पहिला फ्लेक्स वाया गेला, तीच मी लाकूड-लोखंडाची करून त्यांच्या समोर ठेवली होती. फलकावरचे दहा शब्द एका बाजूला आणि डोळ्यांना दिसलेली स्प्रिंग दुसऱ्या बाजूला. मुले डोळ्यांवर विश्वास ठेवणार.

स्प्रिंग काढली. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून गुलेलीसारखी नळीच्या दोन्ही बाजूंना खिळ्यांनी बसवली. खर्च नाही. दोन तास गेले, कारण पट्टी दोन्हीकडे सारखी ताणली नाही तर छर्रा तिरका जातो आणि गाडा वळतो. दोन्ही खिळ्यांपासून मध्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजूनच ठोका. तोफ आता १५ सेंटिमीटर मागे येते. तीन कमी झाले, चालेल.

रविवार, ११ ऑगस्ट

फलकावर ‘रेकुलारे’च्या डोक्यावर एक चांदणी काढायची राहिली होती, ती काढली. हे रूप कुठल्याही जुन्या लॅटिन ग्रंथात लिहिलेले सापडत नाही. फ्रेंच, पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन या लेकींच्या चेहऱ्यांवरून आई कशी असेल ते विद्वानांनी ठरवले आहे. असे रूप चांदणी लावून लिहायचा रिवाज आहे. ती नसेल तर आपण खोटे लिहितो.

गुरुवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर फलक उघडला. प्रश्न विचारणारी मुलगी आली होती. तिने वासराचे चित्र पाहिले, तोफ सोडली, पुन्हा वासराकडे पाहिले आणि म्हणाली, “दोघांची बुडे एकाच बाजूला जातात.” मी दुसरे काही सांगितले नाही.

एका पालकाने विचारले की केलेले पाप करणाऱ्यावरच उलटते, यालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात ना? लावतात. ‘अंगावर उलटणे’ ही ओळ माझ्याकडून राहिलीच होती. खाली डाव्या कोपऱ्यात जागा आहे, तिथे येईल.

नाना काठी टेकत आले. पोर्तुगीज रकान्यापाशी थांबून ‘रेकुआर’ मोठ्याने वाचले. शेजारच्या ‘बूड’कडे पाहिले, हसले आणि म्हणाले, “हे बरे केले गो.”

रविवार, २५ ऑगस्ट

हिशेब. फ्लेक्स २४०, प्लाय ५२०, प्रायमर-रंग-ब्रश ४१०, अक्षरे ७००, दुसऱ्यांदा एनॅमल १३०, मेस्तांचे सामान ४००, बेअरिंग १८०, छर्रे ६०, बसभाडे १५०. एकूण २,७९०. वरचे २९० रुपये मी घातले. कोश आधी पाहिला असता आणि सालांचा क्रम लावून मगच अक्षरे दिली असती, तर ३७० वाचले असते आणि सगळे मंजूर रकमेत बसले असते. तीन आठवडे सांगितले होते, साडेआठ लागले. त्यांतला दीड आठवडा पावसाने घेतला.

एक छर्रा कपाटाखाली गेला तो सापडत नाही. उरलेल्यांतला एक तोफेसोबत आणि एक बिस्किटांच्या डब्यात, चावी ग्रंथपालांकडे. ट्यूबची पट्टी ढिली पडू लागली आहे, चवथीनंतर बदलायची. हॉल माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीच्या, सामानासाठी लागणार, म्हणून फलक तोवर आतल्या खोलीत, आडवा, विटांवर.